गॉब्लिनांचा डेक बोर्ड वाइपनंतर टिकतो का, हे कसं तपासावं

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात एकाच जमातीच्या प्राण्यांचा डेक (कार्डांचा गठ्ठा) जुळवायला सोपा, पारखायला अवघड. टेबलावर गॉब्लिनांची रांग लागली की तो भारीच वाटतो. खरी परीक्षा कोणी बोर्ड वाइप (टेबलावरचे सगळे प्राणी एकदम काढणारं कार्ड) टाकून सगळं साफ केल्यावर होते, आणि चौघांच्या डावात कोणाकडे तरी वाइप असणारच हे धरून चालावं.

उदाहरणाला कमांडर प्रकारातला ‘क्रेंको, मॉब बॉस’ या गॉब्लिनचा लाल डेक घेऊ; क्रेंको हाच त्याचा कमांडर, म्हणजे डेकचा म्होरक्या. कमांडर धरून १०० कार्डं, बेसिक लँड (माना, म्हणजे कार्डं उतरवायची शक्ती, देणारी साधी कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकदाच, सुरुवातीला प्रत्येकाला ४० लाइफ.

ढीग लावा. कमांडर बाजूला ठेवून उरलेली ९९ कार्डं सतरंजीवर कामानुसार मांडा. सुरुवातीला हे प्रमाण चालतं: लँड ३६, माना वाढवणारी ९, कार्डं ओढून देणारी १०, समोरच्याचं काही काढणारी ८, गॉब्लिन २८, बाकी मदतीची ८. आवडीपोटी गॉब्लिन वाढत जातात आणि कात्री लागते ती कार्डं ओढण्याला. ती चूक महागात पडते. तिसऱ्या टर्नपर्यंत तुम्ही १० कार्डं पाहता. ओढणारी ५ असतील तर त्यातलं एक तरी हाती येण्याची शक्यता ४२ टक्के, १० असतील तर ६७ टक्के.

लॉर्ड मोजा. गॉब्लिन चीफटनसारखे लॉर्ड बाकीच्या गॉब्लिनांना +१/+१ (ताकद आणि टिकाऊपणा एकेकाने जास्त) देतात. रिकाम्या टेबलावर त्यांचा फारसा उपयोग नाही, म्हणून चार-पाच पुरेत. स्कलक्लॅम्पशी (प्राण्यावर चढवायचं साधन; +१/-१ देतं, आणि तो मेला की दोन कार्डं) त्यांचं जमतं का, तेही बघा. १/१ टोकनवर (दुसऱ्या कार्डाने तयार केलेल्या प्राण्यावर) स्कलक्लॅम्प चढवला की ते लगेच मरतं आणि एका मानात दोन कार्डं मिळतात. चीफटन टेबलावर असेल तर तेच टोकन ३/१ होऊन जिवंत राहतं. कार्डं ओढायची असतील तर चीफटन नंतर उतरवा.

क्रेंकोचा हिशोब करा. चार मानाचा क्रेंको टॅप केला (आडवा करून वापरला) की तुमचे जितके गॉब्लिन, तितकी नवी टोकन येतात. एकटा असेल तर आधी १, मग २, ४, ८. चौथ्या टर्नला उतरवला तर चौथा टॅप आठव्या टर्नला, आणि तोवर त्याला कोणी जगू देत नाही. मेला तर पुन्हा उतरवायला सहा माना, मग आठ. लाइटनिंग ग्रीव्ह्ज (त्याच्यावर चढवायचं साधन) असतील तर उतरवलेल्या टर्नलाच टॅप होतो. वाइपपासून मात्र त्याही वाचवत नाहीत.

आता स्वतःच वाइप करा. घरी एकट्याने पिसून सात कार्डं घ्या आणि खेळा. सहाव्या टर्नच्या शेवटी क्रेंकोसकट सगळे प्राणी उचलून ठेवा, मग आणखी तीन टर्न खेळा. असं दहा वेळा. दर वेळी दोनच गोष्टी लिहा: वाइपच्या क्षणी हातात किती कार्डं होती आणि पुन्हा तीन गॉब्लिन उभे राहायला किती टर्न लागले. दहातल्या चार वेळा जरी हात रिकामा निघाला, तरी दोन लॉर्ड काढून कार्डं ओढणारी दोन घाला.

इम्पॅक्ट ट्रेमर्स आणि गॉब्लिन बॉम्बार्डमेंट ही दोन कार्डं हवीतच. पहिल्यामुळे प्रत्येक टोकन येतानाच तिघांना एकेक डॅमेज देऊन जातं, पुढे ते मेलं तरी. दुसरं असेल तर वाइपला उत्तर म्हणून आठ गॉब्लिन बळी देऊन आठ डॅमेज हवं तिथे टाकता येतं. दोन्ही एन्चँटमेंट (प्राणी नसलेली, टेबलावर राहणारी कार्डं) असल्याने प्राण्यांवरच्या वाइपमध्ये जात नाहीत.

ठाणे-वाशीच्या पावसाळी दमटपणात फॉइल कार्डं वाकतात, आणि वाकलेलं कार्ड पिसलेल्या गठ्ठ्यातही ओळखू येतं. स्लीव्ह चढवा, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. तरीही वाकलं तर त्या जागी साधी प्रत घाला, विशेषतः स्कलक्लॅम्पच्या बाबतीत: ते कुठे आहे हे आधीच कळलं तर बाकी तिघांवर अन्याय होतो.