होडीवर गाडीचा म्युझिक सेट बसवताना

गाडीतला स्टिरिओ आणि दोन स्पीकर उचलून होडीवर लावले, दिवाळीच्या सीझनला खणखणीत वाजले आणि शिमग्याला मुके झाले. किनाऱ्यावर हे नेहमीचं. दोष बहुतेक वेळा सेटचा नसतो. गाडीची पत्र्याची बॉडी सेटला न मागता बरंच काही देते: निगेटिव्हचा परतीचा रस्ता, एफएम अँटेनाला लागणारा पत्रा, स्पीकरमागे दरवाजाची पोकळी आणि कोरडी जागा. फायबरच्या होडीत यातलं काहीच नाही, ते आपणच उभं करायचं.

आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन पूर्ण वेगात असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. गाडीचे सेट 12 व्होल्टचे, 14.4 पर्यंत निवांत चालतात, 16 च्या पुढे जळण्याचा धोका. दोरीने चालू होणाऱ्या काही छोट्या आउटबोर्डना दिव्यासाठी कॉइल असते, तिच्यातून एसी करंट येतो. तो रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणारा) आणि बॅटरीशिवाय सेटला कधीच देऊ नका.

मोठ्या डिझेल नौकेवर अनेकदा 24 व्होल्ट असतात, म्हणजे दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. मग त्यातल्या एकाच बॅटरीवरून 12 व्होल्टची वायर काढण्याचा शॉर्टकट मारला जातो. सेट वाजतो, म्हणून कुणाला काही वाटत नाही. पण ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते आणि अल्टरनेटर मात्र दोघींतून सारखाच करंट नेतो. एक कायम अर्धपोटी राहते, दुसरी ओव्हरचार्ज होऊन पाणी पिऊ लागते आणि शेवटी जोडीच बाद होते. 24 चे 12 करणारा किमान 15 अँपिअरचा कन्व्हर्टर लावा.

सेटची काळी वायर गाडीत बॉडीला टेकवलेली असते. होडीत ती थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीत बॉडीलाच अर्थ द्यायचा मोह होतो, तो टाळा. बॉडीतून भटकणारा करंट खाऱ्या पाण्यात उतरला की पंखा, शाफ्ट, पत्रा, जे सापडेल ते खातो. बोटीचा धातू वाचावा म्हणून लावलेले झिंकचे ठोकळे अचानक भराभर झिजू लागले तर आधी हीच वायर तपासा. सेटची पेटीही आतून निगेटिव्हलाच जोडलेली असते, म्हणून धातूच्या बोटीत सेट लाकडी किंवा प्लास्टिकच्या खोक्यातच बसवा.

वायरची लांबी जाऊन-येऊन मोजा. बॅटरी ते सेट 5 मीटर असेल तर वायर 10 मीटर. मोठ्या आवाजात सेट 10 अँपिअर खेचतो असं धरलं, तर 2.5 स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये जवळपास 0.7 व्होल्ट वाटेतच जातात, 6 च्या वायरमध्ये 0.3. बेसचा ठोका पडला की डिस्प्ले मिचकावतो किंवा सेट बंद होऊन पुन्हा चालू होतो, तेव्हा पहिला संशय बारीक वायरवर घ्या.

15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून 7 इंचांच्या आत हवा. सेटमागचा फ्यूज सेटला वाचवतो, मधल्या वायरला नाही. पिवळी वायर मेमरीची, लाल चालू-बंदची. पिवळी कायम जोडून ठेवली आणि सेट बंद असताना 10 मिलिअँपिअर जरी खेचत राहिला, तरी महिन्याला 7 अँपिअर-अवर गेले. दोन्ही एकाच स्विचवर घ्या. स्टेशनं पुन्हा लावावी लागतील, एवढंच. इंजिन स्टार्टच्या बॅटरीवर मात्र सेट नकोच. गाणी ऐकून झाल्यावर मशीन चालू झालं नाही, तर खाडीच्या मुखाशी ओहोटीत अडकण्याची वेळ येते.

पेट्रोलची टाकी किंवा मशीन असलेल्या बंद कप्प्यात अ‍ॅम्प्लिफायर, स्विच, रिले बसवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळात साचते, आणि गाडीच्या सामानाची ठिणगी आतच अडवण्याची काही सोय नसते.

आता खारी हवा. बिनकलईच्या पितळी भांड्यात ताक जसं कळकतं, तशी साधी तांब्याची वायर होडीत कळकते. जुन्या वायरचं दोन बोटं प्लास्टिक सोलून पाहा: लाल तांब्याऐवजी काळ्या-हिरव्या तारा दिसतील आणि चिमटीत घासल्या की भुगा होतील. कलई केलेल्या तारांची मल्टिस्ट्रँड वायरच घ्या. सांधा क्रिंप करून (पकडीने टर्मिनल दाबून) त्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. नुसतं सोल्डर केलं तर सांधा ताठ होतो आणि इंजिनाच्या थरथरीने वायर त्याच्या कडेलाच तुटते. सेटमध्ये शिरण्याआधी वायरला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. भोकं बुजवताना लावतेवेळी व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन टाळा, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर मागा.

स्पीकर कागदी कोनचे नकोत, पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबरी कडा बघून घ्या. गाडीची एमडीएफची बेस-पेटी दमट हवेत फुगून पापुद्रे सोडते. तिच्याऐवजी मरीन प्लायची करून आतून-बाहेरून इपॉक्सी मारा. होडी तरंगती ठेवणाऱ्या बंद हवेच्या कप्प्याला स्पीकरसाठी भोक कधीच पाडू नका. उघड्यावर आवाज पसरून जातो, म्हणून वॅटच्या आकड्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा: 3 डेसिबल जास्त असलेला स्पीकर निम्म्या पॉवरमध्ये तेवढाच वाजतो.

स्पीकरचं चुंबक होकायंत्रापासून किमान एक मीटर लांब ठेवा. स्पीकर जवळ नेऊन-काढून सुई हलते का ते स्वतः पाहा, कारण धुक्यात तांडेलाची सगळी भिस्त तिच्यावर असते. मग व्हीएचएफ (होडीचा वायरलेस) मदतीच्या हाकेच्या 16 नंबरच्या चॅनेलवर ठेवा, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) खरखर जेमतेम थांबेपर्यंत वाढवा आणि सेट चालू करा. खरखर परतली तर कन्व्हर्टर किंवा अ‍ॅम्प्लिफायर गोंगाट करतोय. त्यांच्या वायरी व्हीएचएफच्या केबलपासून दूर न्या. तरीही थांबली नाही तर तो कन्व्हर्टर बदला. गाण्यांपायी मदतीची हाक ऐकू न येणं परवडणारं नाही. एफएमसाठी गाडीचा अँटेना फायबरवर कमजोर पडतो, तिथे पत्र्याची गरज नसलेला मरीन अँटेना लागतो.

धुताना पाइपची धार सेटवर नको. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मीठ पुसा. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर चढवून शाकारली की सेट काढून घरी आणा, कनेक्टरला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा आणि होडीतली वायरची टोकं टेपने बंद करून उंचावर बांधून ठेवा.