पाणी चढण्याआधी : गल्लीतल्या अडल्यानडल्यांची यादी कशी करावी

कृष्णेचा महापूर सहसा न सांगता येत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पण कितीही आधी कळलं, तरी मागे राहणारी माणसं ठरलेलीच असतात : अंथरुणाला खिळलेले आजोबा, गतिमंद मूल, दिवस भरत आलेली लेक. आणि 'घर राखायला' ठेवलेली म्हातारी! बाकीचे जनावरं घेऊन निघतात, ती मात्र माळ्यावर. ही खोड मोडायची तर मे महिन्यातच कामाला लागा.

आधी घरोघरी फिरा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना सोबत घ्या. कोणत्या घरात कोण अडलेलं आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. भाड्याच्या खोल्यांत राहणारी परगावची कुटुंबं हमखास सुटतात, त्यांची दारं मुद्दाम वाजवा. वहीत नाव, वय, काय अडचण, रोजची गोळी कोणती, न्यायचं कसं (चालत, खुर्चीवर की खाटेवर) एवढं लिहा. डायलिसिसवरच्या माणसापुढे खूण करा. रस्ता बंद झाला की त्याचं सगळंच अडतं, म्हणून त्याला इशारा पातळीच्या आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे पोचवायचं.

ही यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. कोणती आजी एकटी राहते, कोणत्या घरात मुली एकट्या असतात, याचा पत्ता चोराच्या हाती कशाला द्यायचा? पोलीस पाटील, आशाताई आणि गल्लीतलं एक भरवशाचं माणूस, तिघांकडे कागदी प्रत पुरे.

मग जोड्या लावा. एका अडलेल्या माणसामागे दोन शेजारी, नावानिशी. 'तरुण मंडळ बघेल' असं म्हटलं की कुणीच बघत नाही, हा माझा पक्का अनुभव. जूनमध्ये एकदा खरंच खाट उचलून शाळेपर्यंत नेऊन बघा. जिना अरुंद आहे, हे पुरातल्या रात्री कळून उपयोग नाही.

निघायचं कधी? सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरसारख्या सखल भागात ४० फुटांची वाट बघू नये. आजींनी 'मी कुठं जात नाही' म्हटलं तर वाद घालू नका. त्यांची म्हैस आणि पेटी कुठे ठेवणार ते आधी दाखवा, पाय आपोआप निघतो.

नावेची वेळ आलीच, तर माणसं मोठ्यानं मोजून बसवा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला नाव उलटली आणि बायका-मुलांसह कितीतरी जीव गेले. लहान मुलाला मोठ्यांचं लाइफ जॅकेट घालू नका, पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. मुलाचं नाव आणि पालकांचा मोबाइल नंबर चिठ्ठीवर लिहून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि आतल्या खिशात शिवा. गळ्यात पाटी नको. पाटी वाचून अनोळखी माणूसही मग नावानं हाक मारतो.

निवारा केंद्रात गेलो म्हणजे सुटलो, असं नाही. बायका-मुलांची खोली वेगळी, संडासाच्या वाटेवर रात्रभर दिवा आणि दारात वही, एवढं पहिल्याच संध्याकाळी मागून घ्या. मूल बाहेर जाताना कुणाबरोबर गेलं ते वहीत लिहायचं. एकटं सापडलेलं मूल 'मी मामा आहे' म्हणणाऱ्याच्या हाती सोपवू नका. 'पुण्यात शिकवतो, कामाला लावतो' म्हणणाऱ्याच्या तर मुळीच नाही. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) ला कळवा. कायद्यानं अशा मुलाला २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोलिसांना सांगणं २०१२ च्या पोक्सो कायद्यानं सक्तीचं आहे. तिथं 'गावाची अब्रू' आड येऊ देऊ नका. मुलाचं नाव मात्र कुठेही फुटता कामा नये.

पाणी ओसरलं की पंचनामे होतात, मदतीचे पैसे खात्यावर येतात. तेव्हा यादीची वही पुन्हा काढा. ज्या आजींचा अंगठा घेतला, त्यांच्या हातात पैसे पडले का, ते घरात इतर कुणी नसताना त्यांनाच विचारा. कुणी नाडत असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे. लेक-सुना सांभाळतच नसतील, तर आई-वडील आणि ज्येष्ठांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. अर्ज लिहायला कॉलेजातल्या एखाद्या पोराला बसवा.