घोड्याकडून माणसाला, माणसाकडून घोड्याला: एमआरएसएच्या बाबतीत या चुका टाळा

घोड्याची जखम अँटिबायोटिक चालू असूनही चिघळतेय, पू थांबत नाहीये, अशा वेळी बरेच जण काय करतात तर त्याच औषधाचा डोस वाढवतात नाहीतर दुसऱ्या घोड्याचं उरलेलं इंजेक्शन टोचतात. असं अजिबात करू नका. आधी व्हेटला, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरला बोलावून जखमेचा स्वॅब कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते तपासायला पाठवा. तो जंतू एमआरएसए निघाला, म्हणजे मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस, तर पेनिसिलिनच्या घराण्यातली जवळपास सगळी औषधं त्याच्यावर चालतच नाहीत मग डोस कितीही वाढवा, आणि वर घोड्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरून जीवघेणी हगवण लागू शकते ते वेगळंच.

दुसरी चूक म्हणजे घोडा ठणठणीत आहे ना, मग काळजी कसली असं समजणं. हा जंतू काहीही त्रास न देता नाकपुडीत राहतो, घोड्याच्याही आणि आपल्याही. कॅनडात घोडे आणि त्यांना सांभाळणारे लोक यांच्यात एकाच प्रकारचा एमआरएसए सापडलाय, आणि २००५ साली अमेरिकेत बाल्टिमोरला व्हेट लोकांच्या परिषदेत नाकाचे स्वॅब घेतले तेव्हा मोठ्या जनावरांवर काम करणाऱ्यांपैकी १५.६ टक्के लोकांकडे तो निघाला. म्हणजे फक्त घोड्याला दोष देऊन चालत नाही, आपल्या हातावरूनही तो पुढच्या घोड्याकडे जातो!

हातांचंच बोलायचं तर सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. ग्लोव्ह घालून जखम धुतली आणि त्याच ग्लोव्हने दाराची कडी, मोबाईल, खरारा, सगळ्याला हात लावला तर ग्लोव्ह घालून उपयोग काय? ग्लोव्ह काढल्यावरही साबणाने हात धुवायचेच, आणि हात मळलेले असतील तर नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही. एका घोड्याचं नाक पुसलेला स्पंज किंवा फडका दुसऱ्याला लावू नका, पाण्याची बादली प्रत्येकाची वेगळी ठेवा, आणि बादल्या भरताना पाइपचं तोंड पाण्यात बुडवू नका, ही गोष्ट कोणाच्या लक्षातच येत नाही. फरशीवर लीद तशीच ठेवून वरून जंतुनाशक ओतणंही वाया जातं, आधी घासून धुवा, मग औषध मारा आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या.

आता समजा निरोगी घोड्याच्या नाकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. लगेच अँटिबायोटिकचा कोर्स सुरू करायची घाई नको, माझ्या मते ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते कारण त्यातून जंतू आणखी निबर होतात. त्या घोड्याला वेगळं ठेवा, त्याचं सामान वेगळं, त्याचं काम शेवटी करा, आणि व्हेट सांगेल तेव्हा पुन्हा स्वॅब घ्या. पुन्हा लागण होऊ दिली नाही तर बहुतेक निरोगी मोठ्या घोड्यांच्या नाकातून तो काही आठवड्यांत आपोआप जातो. शिंगरं आणि टाके घातलेले घोडे मात्र त्याच्यापासून लांबच ठेवा.

आणि स्वतःचंही बघा. हातावर लाल, दुखरी, पू धरलेली गाठ आली की किडा चावला असेल म्हणून सोडून देऊ नका, घरी फोडूही नका. डॉक्टरकडे गेलात की घोड्यांमध्ये काम करतो हे न विचारता सांगा, तबेल्यात एमआरएसए सापडला असेल तर तेही सांगा, आणि तुमचं स्वतःचं ऑपरेशन ठरलं असेल तर हॉस्पिटलला ते आधीच कळवा.