'लाइकली' म्हणजे पाऊस येणार की नाही?

नोव्हेंबरात पिंपळगाव बसवंतहून धाकट्या भावाचा फोन आला की मी आधी खिडकीतून आभाळ बघते. ऑक्टोबर छाटणीनंतर त्याची द्राक्षबाग फुलोऱ्यात असते आणि मोबाइलवर इंग्रजी हवामान अंदाज आलेला असतो. "ताई, लाइकली लिहिलंय. फवारू का थांबू?" मी नाशिकरोडला इंग्रजीच्या शिकवण्या घेते. बागेतलं मला ओ की ठो कळत नाही, पण या एका शब्दापुरती मी त्याची सल्लागार.

तर आधी अर्थ. त्यातलं 'लाइक' बघून फसू नका. शिकवणीत एकाने 'रेन इज लाइकली'चं 'पाऊस आवडता आहे' केलं होतं. (निफाडच्या बागायतदाराचा मुलगा, आणि नोव्हेंबरात पाऊस आवडता!) आपण "येईलसं दिसतंय" म्हणतो ना, त्या 'येईलसं'मधला 'सं' म्हणजे लाइकली. 'कदाचित'पेक्षा वजनदार, 'नक्की'पेक्षा हलका.

शेवटी 'ली' असला तरी हा शब्द बहुतेक वेळा विशेषण असतो, म्हणून त्याच्याआधी 'इज' किंवा 'आर' आणि नंतर 'टू' लावा: 'इट इज लाइकली टू रेन', 'ही इज लाइकली टू कम'. 'ही विल लाइकली टू कम' मात्र चूक; तिथे 'विल' आणि 'टू' एकत्र नांदत नाहीत. 'ही विल लाइकली कम' अमेरिकन इंग्रजीत सर्रास चालतं, मी त्यावर लाल रेघ मारत नाही. 'प्रॉबेबल'ला असा 'टू' जोडता येत नाही. तिथे 'ही विल प्रॉबेबली कम' म्हणायचं. "बहुतेक येणार नाही" म्हणायचं असेल तर 'ही इज अनलाइकली टू कम'.

खरी मेख आहे ती किती टक्के याची. गोदावरीला पूर आला की आपण रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते बघतो. पाणी गुडघ्याशी असेल तर 'पॉसिबल', कमरेशी 'लाइकली', छातीशी 'व्हेरी लाइकली', हे माझं शिकवणीतलं माप. हवामान विभागाचं माप आकड्यांत आहे: 'लाइकली' म्हणजे 25 ते 50 टक्के, 'व्हेरी लाइकली' 50 ते 75, 'मोस्ट लाइकली' 75च्या वर. गंमत अशी, की आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या अहवालांत हाच 'लाइकली' 66 टक्क्यांपासून सुरू होतो आणि 'व्हेरी लाइकली' 90पासून. म्हणून शब्द वाचण्याआधी कागद कोणाचा ते बघा.

भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे न येण्याचंच पारडं जड की!" बरोबर. पण पुढचा 'आयसोलेटेड'ही वाच म्हटलं. म्हणजे त्या भागातल्या फार तर 25 टक्के ठिकाणी पाऊस. त्यात तुझा बांध आहे का, ते इंग्रजी सांगत नाही.

परवा त्याने मला इंग्रजीतच मेसेज केला, 'आय अॅम लाइकली टू कम ऑन संडे.' वाक्य बिनचूक होतं. मी पुरणपोळ्या केल्या. आला नाही. फोन केला तर म्हणे, "अगं, हवामान विभागाचं लाइकली होतं ते."