डार्क आणि चावट कॉमेडी चार जणांना घेऊन बघायची तर अशी बघा

आजोबा गेले तेव्हा मी अकरावीत होतो. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. पाऊण तास झाला, एकेक जण पुढे जाऊन हात जोडून सांगतोय, आत्याच्या पोरीचं लग्न आम्ही करून देऊ, बांधावरची भांडणं मिटवू, आजीला एकटं ठेवणार नाही, आणि कावळा समोरच्या भिंतीवर बसून नुसता बघतोय. शेवटी धाकटा काका पुढे गेला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "अण्णा, तुमची तपकिरीची डबी मी घेतली होती, जागेवर ठेवतो." आणि कावळा आला ना! सगळा घाट हसायला लागला. आजी पदर तोंडाला लावून हसत होती आणि त्याच पदराने डोळे पुसत होती.

डार्क कॉमेडी म्हणजे काय असं कोणी विचारलं की मला हाच प्रसंग आठवतो. काका जोक मारत नव्हता, तो मनापासून बोलत होता. त्यामुळे ते इतकं हसू आलं आणि त्यामुळेच कोणाला वाईट वाटलं नाही. गेली पंधराएक वर्षं मी असले पिक्चर शोधून शोधून बघतोय, मित्रांना दाखवतोय, आणि दर वेळी कोणीतरी विचारतंच की कुठून सुरू करू, घरी लावला तर पोरं अर्ध्यात उठून जातात, काय करू. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे पिक्चर निवडताना एक गोष्ट तपासा. ज्याच्यावर वेळ आलीये तो माणूस स्वतः त्या वेळेला गंभीरपणे घेतोय का? त्याला घाम फुटलाय का, त्याला खरंच लाज वाटतेय का, मेलेला माणूस त्याच्यासाठी खरंच मेलाय का? असेल तर पिक्चर चांगला निघायची शक्यता खूप. पात्रंच जर एकमेकांना डोळे मारत "बघा आम्ही किती वाह्यात" असं करत असतील तर पाचव्या मिनिटाला बंद करा. डार्कला हे लागू आहेच, पण चावट कॉमेडीला त्याहून जास्त लागू आहे.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकचं उदाहरण बघा. त्याला अणुयुद्धावर एकदम गंभीर पिक्चर करायचा होता, ज्यावरून तो घेतला ती पीटर जॉर्जची 'रेड अलर्ट' नावाची कादंबरी पण गंभीरच आहे. लिहिता लिहिता त्याच्या लक्षात आलं की जे जे हास्यास्पद वाटतंय म्हणून आपण काढून टाकतोय तेच सगळ्यात खरं वाटतंय. मग त्याने ते ठेवलं आणि 1964 मध्ये 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह' आला. त्यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष हॉटलाइनवर रशियाच्या पंतप्रधानाला सांगतोय की आमच्या एका जनरलचं डोकं फिरलंय आणि त्याने तुमच्यावर विमानं सोडलीयेत. पण पलीकडे गाणी चालू आहेत म्हणून आधी ते गाणं जरा बारीक करायला सांगावं लागतं, आणि मग दोघांत मला जास्त वाईट वाटतंय की तुला यावरच गाडी अडकते. राष्ट्राध्यक्ष झालेल्या पीटर सेलर्सने हे असं केलंय जसं आपण खालच्या मजल्यावरच्या काकांना सांगतो की आमच्या नळामुळे तुमच्याकडे ओल आली. चेहऱ्यावर एक रेघ हलत नाही. या पिक्चरमध्ये त्याने तीन रोल केलेत, तिन्ही वेगळे. पहिला खास शो 22 नोव्हेंबर 1963 ला ठरला होता, त्याच दिवशी केनेडींची हत्या झाली आणि तो शो रद्द करावा लागला.

पण पहिल्यांदा दाखवायला 'स्ट्रेंजलव्ह' घेऊ नका. ब्लॅक अँड व्हाइट, सुरुवातीला संथ, आणि शीतयुद्धाची माहिती नसेल तर माणूस बुजतो. सुरुवात 'डेथ ॲट अ फ्युनरल'ने करा. 2007 चा ब्रिटिश, फ्रँक ऑझने केलेला, साधारण दीड तासाचा. 2010 चा अमेरिकन रिमेक पण आहे, तो सध्या सोडा. बापाचा अंत्यविधी आहे, शवपेटी घरी येते, उघडून बघतात तर आत भलताच माणूस! मुलगा तेवढाच म्हणतो की हे माझे वडील नाहीत. एवढ्या पहिल्या सीनला तुमच्यासोबत बसलेल्यांपैकी कोण हसतोय ते बघा, तो तुमचा माणूस. बाकीचे पंधरा मिनिटांनी येतात, एका पाहुण्याने शांत व्हायची गोळी समजून भलतीच गोळी खाल्लेली असते तेव्हा.

किती जण बोलवायचे? चार ते सहा. दोघंच असले की चावट सीनला अवघडल्यासारखं होतं आणि दहा असले की कोणीतरी बोलत राहतं. घरी आईबाबा असतील तर चावट पिक्चर अजिबात नको, सगळे भिंतीकडे बघत बसतात आणि पिक्चरचं वाटोळं होतं. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, बोलावताना आधी विचारा. कोणाच्या घरी नुकतंच काही झालंय का, कोण कशातून जातंय. 'हॅरॉल्ड अँड मॉड' हा 1971 चा माझा जीव की प्राण पिक्चर, पण तो सुरूच होतो एका पोराने गळफास घेतल्याचं नाटक करण्यापासून. मी एकदा न सांगता लावला आणि एक मैत्रीण उठून बाल्कनीत गेली, तिच्या भावाचं तसं झालं होतं हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी पिक्चर बंद केला आणि आम्ही सगळे तिच्याशी बोलत बसलो. तेव्हापासून मी ग्रुपवर दोन ओळी आधी टाकतो, गोष्ट न फोडता: यात आत्महत्येचा विषय आहे, यात रक्त आहे, यात उलट्या आहेत. मजा एक टक्का कमी होत नाही.

दुसऱ्या आठवड्याला 'अंधाधुन'. तुम्ही म्हणाल तो तर सगळ्यांनी पाहिलाय. परत बघा, आणि या वेळी थ्रिलर म्हणून नको, कॉमेडी म्हणून. दिग्दर्शक श्रीराम राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेला, पिक्चरही पुण्यातच घडतो, आणि मूळ कल्पना एका फ्रेंच शॉर्ट फिल्ममधून घेतलीये. त्यातला फ्लॅटमधला सीन घ्या (ज्यांनी खरंच पाहिला नसेल त्यांनी पुढच्या दोन-तीन ओळी सोडा). आंधळा असल्याचं सोंग घेतलेला पोरगा पियानो वाजवतोय, जमिनीवर मेलेल्या माणसाचे पाय दिसतायत, आणि मेलेल्याची बायको आणि तिचा यार पोराच्या समोरच खाणाखुणा करत प्रेत आवरतायत. त्याला थांबता येत नाही, कारण थांबला तर त्याला दिसतं हे कळणार. म्हणजे खून झालाय आणि वर गोड पियानो चालू आहे. आम्ही हा सीन एकदा पियानोचा आवाज बंद करून पाहिला, नुसती भीती वाटली. आवाज परत लावला आणि सगळे फिस्सकन हसले.

तिसरा 'फार्गो', 1996, कोएन बंधू. सुरुवातीला ही सत्यघटना आहे अशी पाटी येते, ती खरी नाही, कोणी वाद घातला तर घालू द्या. यात सात महिन्यांची गरोदर पोलीस अधिकारी आहे, मार्ज. पहाटे फोन येतो, नवरा म्हणतो थांब तुला अंडी करून देतो, ती खाऊन निघते, गाडी सुरू होत नाही म्हणून परत आत येते. मग बर्फात तीन प्रेतं. ती एका प्रेताजवळून उठते आणि थोड्या वेळाने मध्येच वाकते, सोबतचा पोलीस विचारतो काही सापडलं का, ती म्हणते नाही, मला उलटी येतेय असं वाटतंय. मग सरळ उभी राहते, म्हणते गेलं, आता परत भूक लागली. मला वाटतं अख्ख्या सिनेमात इतकं माणसाचं काही मी पाहिलं नाही. हे हसू प्रेतावर नाहीये. प्रेताबद्दल तिला वाईट वाटतंयच, पण पोटातलं बाळ आपलं काम करतंय, त्याला काय त्याचं. मार्ज झालेल्या फ्रान्सिस मॅकडॉरमंडला यासाठी ऑस्कर मिळालं आणि ते अगदी योग्य होतं. हा बघताना सबटायटल्स लावाच, मिनेसोटाकडचे ते हेल ऐकायचे पण असतात आणि शब्द पण सुटायला नकोत.

आता चावट. इथे लोक जास्त चुकतात कारण चावट म्हणजे पाणचट असं डोक्यात बसलंय. अहो आपल्याकडे तमाशात गण झाला की गवळण, आणि गवळणीत मावशी आणि पेंद्या जे बोलतात ते ऐकायला अख्खी गावं बसायची. दादा कोंडके त्याच रंगभूमीवरून आले, वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' गाजवून मग 1971 मध्ये 'सोंगाड्या'. त्यांचं सगळं कशावर उभं होतं तर चेहऱ्यावरच्या भाबडेपणावर. बोलणाऱ्याच्या मनात काही नाही, घाण अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होतो, आणि थेटरात सगळे एकदम हसले की सगळ्यांना कळतं की सगळ्यांच्याच डोक्यात तेच आलं. हे सबटायटलवर चालत नाही, त्यामुळे अमराठी मित्राला घेऊन दादांचा पिक्चर लावू नका, तो बिचारा विचारत राहील आणि तुम्ही समजावत राहाल. फक्त मराठी कान असलेल्यांनाच बोलवा.

इंग्रजीतलं घ्यायचं तर 'ब्राइड्समेड्स', 2011. कपड्यांच्या महागड्या दुकानातला सीन सगळ्यांना उलट्या-जुलाबांसाठी लक्षात राहतो, पण मी सांगतो तिथे बघा. नवरीची लहानपणची मैत्रीण ॲनी, तिनेच सगळ्यांना स्वस्तातल्या हॉटेलात जेवायला नेलंय, तिच्याकडे पैसे नाहीत, आणि नवरीची नवीन श्रीमंत मैत्रीण हेलन एकटीच ठणठणीत उभी आहे कारण तिने ते मांस खाल्लंच नाही. ॲनी घामाने निथळतेय, चेहरा पांढरा पडलाय, आणि म्हणतेय मला काही झालेलं नाही. हेलन शांतपणे साखर लावलेला एक बदाम तिच्यापुढे करते. आणि ॲनी तो खाते! चावून, गिळून, तिच्या डोळ्यात बघत! तिकडे आत काय चाललंय ते सगळं बाजूला राहतं, कारण इथे एक बाई आपली लहानपणची मैत्रीण हातातून जातेय म्हणून लढतेय. क्रिस्टन विग आणि ॲनी मुमोलो यांनी लिहिलंय, पटकथेला ऑस्करचं नामांकन होतं.

'सुपरबॅड' पण तसाच. सेथ रोगन आणि इव्हान गोल्डबर्ग तेरा वर्षांचे असताना त्यांनी तो लिहायला घेतला होता, पिक्चर आला 2007 ला. वरवर दोन पोरांची दारू आणि मुलींसाठी चाललेली धडपड, बोलणं अतिशय गलिच्छ, आणि आतून दोन मित्र कॉलेजला वेगळे होणार म्हणून घाबरलेले. त्यातलं समलिंगी लोकांबद्दलचं काही बोलणं मला आज खटकतं, ते दाखवताना मी तसं सांगतो. आणि हो, जिथे बाईचं अंग हाच जोक आहे आणि तिला स्वतःला बोलायला एक वाक्य नाही, असल्या पिक्चरांची मला खरंच चीड येते. त्यात चावटपणा नसतोच, आळस असतो.

बॉलिवूडमधला घ्यायचा तर 'डेली बेली', 2011. दिग्दर्शक अभिनय देव, म्हणजे रमेश देव आणि सीमा देव यांचा मुलगा. बहुतांश इंग्रजीत बोललेलं व्हर्जन आहे तेच बघा, हिंदी डब नको. हिऱ्यांच्या पाकिटाची आणि शौचाच्या सॅम्पलची अदलाबदल होते एवढंच सांगतो, जेवताना लावू नका. असले ए सर्टिफिकेटवाले पिक्चर टीव्हीवर येतात ते काटछाट करून नव्याने सर्टिफिकेट घेऊनच येतात, त्यामुळे टीव्हीवर पाहिलेला पाहिलेल्यात धरू नका. रील्सवरचे तुकडे तर अजिबात नको, बदामाचा सीन नुसता बघून काही कळत नाही, त्याआधीचा अर्धा तास लागतो.

एका रात्रीत दोन लावायचे असतील तर डार्क आधी, चावट नंतर. उलटं केलं की घसा हसून हसून थकलेला असतो आणि दुसरा पिक्चर जड जातो. मध्ये वीस मिनिटांचा चहा. जेवण आधीच उरकून घ्या, आणि लाइट पूर्ण बंद करा, अंधारात माणूस मोकळा हसतो. सीन समजावून सांगू नका. "आता बघ, आता बघ" म्हणणाऱ्याला शेवटच्या रांगेत बसवा.

आणि 'जाने भी दो यारो' शेवटी ठेवा, पाच-सहा पिक्चर झाल्यावर. 1983, कुंदन शहा, एनएफडीसी म्हणजे सरकारी चित्रपट महामंडळाच्या तुटपुंज्या पैशात केलेला, दोन गरीब फोटोग्राफरची गोष्ट. सतीश शहाने प्रेताचं जे काम केलंय ते पुन्हा पुन्हा बघण्यासारखं आहे. ओम पुरी दारूच्या नशेत शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून ओढून न्यायला निघतो, आणि मग ते महाभारताचं नाटक, द्रौपदी म्हणून प्रेत उभं, आंधळा धृतराष्ट्र विचारतोय काय चाललंय, आणि मध्येच वस्त्रहरण रद्द झाल्याची घोषणा. गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'वर वाढलेल्या माणसाला हे जितकं भिडेल तितकं कोणाला भिडणार नाही.

या सीनला सगळे इतके हसतात की शेवट आला हे लक्षातच येत नाही. ते दोघं फोटोग्राफर कैद्यांच्या कपड्यात मुंबईच्या रस्त्यावर येतात, मागे 'हम होंगे कामयाब' हे आशेचं शाळेतलं गाणं, आणि ते आपल्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवतात. खून दुसऱ्यांनी केला, पूल दुसऱ्यांचा पडला, आत गेले हे दोघं. इथे कोणालाही रिमोटला हात लावू देऊ नका. लाइट लावू नका, चहा टाकायला उठू नका. आमच्याकडे मागच्या वेळी पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही, मग एकाने विचारलं की परत महाभारतापासून लावतोस का, आणि आम्ही लावला.