युरोपला द्राक्षं पाठवायची तयारी : वही एप्रिल छाटणीपासूनच

ऑक्टोबर छाटणी उरकली की एक्स्पोर्टचं बघू, असं ठरवलं असेल तर तुम्हाला सहा महिने उशीर झालाय. फवारणीची वही एप्रिलच्या खरड छाटणीपासून सुरू करा. मागच्या हंगामात नेमकं हेच माझ्याकडून राहिलं. लॅबच्या रिपोर्टमध्ये औषधाचा अंश सापडला, पण तो कुठल्या बाटलीतून आला ते सांगता येईना.

प्लॉटची नोंदणी दरवर्षी कृषी खात्याकडे करावी लागते, त्याशिवाय ग्रेपनेटमध्ये, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेत, प्लॉट दिसतच नाही. सातबारा, नकाशा हे सगळ्यांना माहीत आहे. जमीन थोडी असेल तर शेतकऱ्यांच्या गटातून ग्लोबल गॅप, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र, घ्या. एकट्याला तो खर्च झेपत नाही, आणि झेपावा असा हट्टही नको. लहान बागायतदाराला युरोपची वाट गटामुळेच सापडते.

आता परत वही. २०१० साली आपला माल युरोपात अडकला तो क्लोरमेक्वॅटमुळे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या आपल्या लिहोसीनमुळे. घडनिर्मितीसाठी आपण ते एप्रिल छाटणीनंतर मारतो, आणि अंश निघतो पुढच्या वर्षी मण्यात. त्या वेळी आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषधच नव्हतं. तिकडच्या लॅबनं पकडलं, आणि कंटेनरच्या कंटेनर अडकून पडले. म्हणून एप्रिलपासून लिहा: तारीख, औषध, त्यातला घटक, प्रमाण, कंपनी, बॅच नंबर. टॉनिकही लिहा. टॉनिक तर आधी लिहा, कारण बिनलेबलच्या बाटलीत काय मिसळलंय ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. बिल मिळत नसेल तर ती बाटली घेऊ नका. ‘शेजाऱ्यानं मारलं, त्याचं काही झालं नाही’ हे कारण ऐकूसुद्धा नका. ज्या औषधाच्या अंशाची मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात किलोला ०.०१ मिलिग्रॅमचा नियम लागतो. एवढ्याशा अंशापुढे अंदाज चालत नाही.

पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी दर हंगामात नवी घ्या, जुनी झेरॉक्स फाडून टाका. काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची ते त्यातच असतं. डावणी रोगाचा जोर असला की हात शिवशिवतात, तेव्हाही यादीबाहेर जाऊ नका. पंप आणि टाकी धुऊन घ्या, शेजारच्या बागेत फवारणी असेल तर कडेच्या ओळी वेगळ्या ठेवा. आणि ज्या दिवशी फवारलं त्याच संध्याकाळी वहीत उतरवा. आठवड्यानं आठवून लिहिलेली वही कुणाच्या कामाची नाही.

विरळणी, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), मण्याची फुगवण तुम्हाला येतेच.

तपासणीसाठी द्राक्षांचा नमुना लॅबचा माणूसच काढतो. त्याला चांगले घड निवडून देऊ नका, त्यात फसगत आपलीच. नमुना गेला की पंप बंद, अगदी बंद. रिपोर्ट आला की वहीशी ताडून बघा.

काढणी पहाटे, साखर बघून. प्रीकूलिंगला, म्हणजे माल थंड करायला, उशीर नको. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर जहाजं आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जायला लागली, प्रवास लांबला. त्यामुळे मऊ मणी भरूच नका. पेटीत ग्रेप गार्ड (द्राक्षं टिकवणारा गंधकाचा कागद), पनेट (प्लास्टिकचे लहान डबे), लेबलवर प्लॉट नंबर. फायटोचं, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र एक्स्पोर्टर बघतो, प्रत मागून घ्या. दर आणि पैसे कधी मिळणार ते लेखी घ्या. पैसे यायला वेळ लागतो, तोवरच्या मजुरीची सोय आधीच करून ठेवा.