डिस्क कॉपीचं बीटा ट्राय करताय? आधी या चुका टाळा, मी केल्यात

मागच्या आठवड्यात मावशी सदाशिव पेठेतून एक कापडी पिशवी घेऊन आली, आत अकरा सीड्या. चार व्हीसीडी, बाकी डीव्हीडी, एकीवर निळ्या मार्करने "मुंज भाग २". भाग १ कुठेय विचारलं तर म्हणाली, "तो तुझ्या काकांनी कुणाला तरी बघायला दिला, तो काही परत आला नाही." म्हणजे जे आहे ते एवढंच, दुसरी कॉपी कुठेच नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात मी रोज वापरतो त्या डिस्क कॉपी सॉफ्टवेअरच्या पुढच्या व्हर्जनचं बीटा (पक्कं होण्याआधी लोकांनी तपासून बघावं म्हणून दिलेलं रूप) आलं होतं, नवीन चकाचक इंटरफेस, रीडिंग स्पीड वाढलाय म्हणे, मग काय, हात शिवशिवायला लागले आणि मी मुंज भाग २ थेट बीटात घातली.

जुन्या व्हर्जनला अशी भरलेली डीव्हीडी वाचायला वीस-बावीस मिनिटं लागतात, बीटाने नऊ मिनिटांत संपवली. हिरवी टिकमार्क. बर्न केली, व्हेरिफाय केलं, तिथेही हिरवी टिकमार्क. मी खुश. मावशीला टीव्हीवर लावून दिली आणि बटू भिक्षावळीला उभा राहिला तेवढ्यात चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज कुरकुरला आणि पुढच्या क्षणी डायरेक्ट पंगत सुरू. मावशी म्हणाली, "अरे, मामांनी भिक्षा घातलेली कुठे गेली?"

तीच डिस्क जुन्या व्हर्जनमध्ये घातली तर बरोबर त्या जागी ड्राइव्ह खरखर करत थांबला, पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न केला आणि मग स्वच्छ सांगितलं की अमुक सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटा तुकडा) वाचता येत नाही, काय करू. बीटाने विचारलंच नव्हतं. सेटिंग्ज उघडून बघितल्या तर "रीड एरर इग्नोर करा" आधीपासून टिक केलेलं आणि रिट्राय २० च्या जागी १. वाढलेल्या स्पीडमधला बराचसा हिस्सा हा असा आला होता. खराब सेक्टरवर डोकं आपटत बसायचंच नाही, तिथे शून्य भरायची आणि पुढे चालायचं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की डिस्क कॉपीच्या नवीन व्हर्जनमध्ये बटणं कुठे गेली आणि डार्क मोड आला का हे नंतर बघा, खराब सेक्टर लागला की ते काय करतं हे पहिल्यांदा बघा. चांगली डिस्क तर कुठलंही सॉफ्टवेअर कॉपी करतं.

आता व्हेरिफायच्या हिरव्या टिकमार्कबद्दल, कारण इथे भलेभले फसतात. बर्न झाल्यावरचं व्हेरिफाय म्हणजे नवीन डिस्क आणि हार्डडिस्कवरची इमेज (म्हणजे अख्ख्या डिस्कची फाइलमध्ये काढलेली कॉपी) या दोन गोष्टी सारख्या आहेत का एवढंच. त्या इमेजमध्येच शून्य भरलेली असतील तर नवीन डिस्कवरही तीच शून्य, दोन्ही सारखे, टिकमार्क हिरवी. मूळ डिस्कशी ताडून कुणी बघितलंच नाही. ते बघायचं तर मूळ डिस्क दोन वेळा वाचा, जमलं तर दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये, आणि दोन्ही इमेजचा हॅश काढा (फाइलच्या डेटावरून निघणारा ठसा, डेटा बदलला की तोही बदलतो), एमडी५ चालतो, शा-२५६ असेल तर आणखी बरं. हॅश जुळला तर निवांत झोपा. नाही जुळला तर लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरने लिहून ठेवलेली कामाची नोंद, उघडा. माझ्याकडे एक डेस्कटॉपमधला जुना रायटर आहे आणि एक तपकीर गल्लीतून आणलेला यूएसबीवाला, आणि गंमत म्हणजे जे सेक्टर एकाला वाचता येत नाहीत ते दुसरा कधी कधी आरामात वाचतो, लेसर वेगळा, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) वेगळं, त्यामुळे एका ड्राइव्हने "नाही" म्हटलं म्हणजे डिस्क मेली असं नाही.

बीटा तपासायला घरच्या एकुलत्या डिस्क वापरू नका (हे मी कुठल्या तोंडाने सांगतोय ते सोडा). एक डीव्हीडी-आरडब्ल्यू घ्या, ती पुसून पुन्हा वापरता येते. तिच्यावर काहीही गाणी-फोटो भरून बर्न करा आणि त्या इमेजचा हॅश लिहून ठेवा. मग डिस्कच्या चकचकीत बाजूला काळ्या परमनंट मार्करने मधून बाहेर जाणारी एक जाड रेघ मारा. बारीक रेघेने काही होणार नाही, डीव्हीडीचं एरर करेक्शन साधारण सहा मिलीमीटरपर्यंतचा खंड पचवतं, त्यामुळे चांगली सेंटीमीटरभर रुंद मारा. (सीडीचं अडीच मिलीमीटरलाच दमतं, पण सीडीचा लेसर इन्फ्रारेड असतो आणि काही मार्करची शाई त्याला दिसतच नाही, म्हणून ही ट्रिक डीव्हीडीवरच करा.) आता ती बीटात वाचून बघा. थांबून सेक्टर नंबर सांगितला तर शाब्बास. हॅश वेगळा आलाय आणि तरीही हिरवी टिकमार्क दाखवली, तर त्या बीटाला घरच्या डिस्क दाखवूसुद्धा नका. रेघ स्पिरिटने निघते.

काही सॉफ्टवेअरमध्ये टेस्ट मोड असतो, लेसर पूर्ण ताकदीने न पेटवता बर्नची रंगीत तालीम, तो सीडी-आर आणि डीव्हीडी मायनस आरवर चालतो पण प्लस आरवर (कोऱ्या डीव्हीडीच्या या दोन जाती) चालतच नाही, तिथे ऑप्शन ग्रे दिसला तर ती बीटाची चूक नाही, उगाच बग म्हणून पाठवू नका.

व्हीसीडीचा किस्सा वेगळा आहे आणि आपल्याकडे २००० च्या आसपासच्या लग्नांच्या कपाटात याच सापडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मावशीच्या एका व्हीसीडीत ७८ मिनिटांचा व्हिडिओ होता, विंडोजमध्ये त्या व्हिडिओची डॅट फाइल ७८७ एमबी दिसते आणि सीडीवर तर छापलंय ७०० एमबी. आता ही मावली कशी? तर साध्या डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरमध्ये २०४८ बाइट आपला डेटा असतो आणि उरलेली जागा एरर करेक्शनला जाते, व्हीसीडीत व्हिडिओचे सेक्टर वेगळ्या प्रकारचे, त्यात जास्तीचं करेक्शन काढून टाकून २३२४ बाइट भरतात, व्हिडिओत एखादा ठिपका चुकला तर कुणाला कळतंय असा हिशोब. आणि विंडोज ती फाइल दाखवताना अख्खा २३५२ बाइटचा सेक्टर मोजतं. म्हणून व्हीसीडीतून डॅट फाइल माउसने ओढून डेटा सीडीवर टाकायला गेलात की "जागा कमी आहे", आणि आयएसओ (डेटा डिस्कच्या इमेजचा नेहमीचा प्रकार) बनवायला गेलात की एकतर एरर किंवा त्याहून वाईट म्हणजे बनल्यासारखी वाटणारी आयएसओ, जी कुठेच चालत नाही. व्हीसीडीची इमेज बिन आणि क्यू अशा जोडीच्या फाइलींतच काढायची, रॉ मोडमध्ये, म्हणजे अख्खा सेक्टर जसाच्या तसा उचलून. ऑडिओ सीडीचंही तेच, तिथे आयएसओ हा प्रकारच नाही. बीटामध्ये नवीन इंटरफेसच्या नादात हा मोड तीन मेनू आत ढकललाय आणि डीफॉल्ट सगळीकडे आयएसओ केलंय, तेव्हा स्टार्ट दाबायच्या आधी खालच्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा. फक्त व्हिडिओच हवा असेल तर आयसोबस्टर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये डॅटमधून नुसता एमपेग काढायचा ऑप्शन आहे, बरेच एडिटर डॅट घेत नाहीत पण तो एमपेग घेतात.

जागेवरून आठवलं. "डिस्क फुल" असा एरर आला आणि पेनड्राइव्हवर वीस जीबी रिकामे दिसतायत, तर तो पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही आणि भरलेल्या डीव्हीडीची आयएसओ विंडोजच्या हिशोबात ४.३८ जीबीपर्यंत जाते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करा, संपला विषय. माझ्या एका मित्राने यावरून बीटाला शिव्या घालत दोनदा री-इन्स्टॉल केलं होतं.

तसंच प्लस आणि मायनस. दोन्हींवर ४.७ जीबीच छापलेलं असतं पण डीव्हीडी प्लस आर ही मायनस आरपेक्षा जवळपास ७ एमबीने लहान असते. काठोकाठ भरलेल्या मायनस आरची कॉपी प्लस आरवर जात नाही, शेवटच्या टप्प्यात अडकते आणि डिस्क चहाच्या कपाखाली. शक्यतो ज्या जातीची मूळ त्याच जातीची कोरी घ्या. कोऱ्या आता मिळतात तेव्हा घेऊन ठेवाव्यात असे दिवस आलेत, एकेकाळी घराघरात दिसणारी मोझर बेअर कंपनीच २०१८ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली.

आता सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार. बीटा जुन्या व्हर्जनवरच इन्स्टॉल केलं, नाही आवडलं, काढून टाकलं, आणि रीस्टार्ट केल्यावर "माय कॉम्प्युटर"मधून डीव्हीडी ड्राइव्हच गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह, कोड १९, ३१ किंवा ३९. लोकांना वाटतं ड्राइव्ह गेला आणि लगेच दुकानात धाव. ड्राइव्ह ठणठणीत असतो. अशी सॉफ्टवेअर ड्राइव्ह आणि विंडोजच्या मध्ये स्वतःचा एक फिल्टर ड्रायव्हर बसवतात, अनइन्स्टॉल होताना ड्रायव्हरची फाइल जाते पण रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे ठेवतं तिथली) नोंद मागे राहते, मग विंडोज ती फाइल शोधत बसतं. रजिस्ट्रीत सीडी-डीव्हीडीच्या क्लासमध्ये जाऊन अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स या दोन नोंदी काढल्या आणि रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह परत येतो. पण सावकाश! त्या क्लासचा नंबर ४डी३६ई९६५ ने सुरू होतो, आणि दोन घरं खाली ४डी३६ई९६७ आहे तो हार्डडिस्कचा. चुकून तिथे हात घातला तर विंडोज सुरूच न होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. आधी ती की (रजिस्ट्रीतला तो कप्पा) एक्सपोर्ट करून ठेवा, रिस्टोअर पॉइंट बनवा, मग हात लावा, आणि दुसरं एखादं बर्निंग सॉफ्टवेअर असेल तर ते नंतर पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल हे धरून चाला. सगळ्यात बरं म्हणजे बीटा जुन्या लॅपटॉपवर टाका, रोजच्या मशीनवर नको.

यूएसबी ड्राइव्ह मध्येच डिस्कनेक्ट होत असेल तर बीटाला दोष देण्याआधी केबल बघा. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात, बर्न करताना लेसर जोरात पेटला की स्लिम ड्राइव्हला ते पुरत नाहीत. डेस्कटॉपच्या मागचा पोर्ट वापरा नाहीतर दोन तोंडांची केबल. आणि गुरुवारी दुपारी डेस्कटॉपवर बर्न लावू नका, मध्येच वीज गेली तर काय होतं ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

डिस्क पुसताना गोल गोल फिरवून पुसू नका, मधून बाहेर सरळ पुसा. पावसाळ्यात कपाटात राहून बुरशीचे ठिपके आले असतील तर मऊ ओलं फडकं पुरतं. सीडीच्या लेबलच्या बाजूला मात्र नख लावू नका, डेटाचा थर तिथेच लगेच खाली असतो, डीव्हीडीसारखा मधे नसतो.

आणि हे सगळं आपल्या स्वतःच्या शूटिंगच्या डिस्कबद्दल चाललंय, विकत आणलेल्या पिक्चरचं लॉक तोडायचा प्रश्न मला विचारू नका.

बग रिपोर्ट पाठवायचा असेल तर "कॉपी होत नाही, लवकर बघा" असं पाठवून काही उपयोग नाही. ड्राइव्हचं मॉडेल आणि फर्मवेअर, डिस्कचा मीडिया आयडी (वर छापलेला ब्रँड नाही, आतला कोड, डिस्क खरंच कुणी बनवली ते त्यावरून कळतं), पहिला एरर आलेला सेक्टर नंबर, आणि अख्खा लॉग, स्क्रीनशॉट नाही. मी रेघ मारलेल्या आरडब्ल्यूचा लॉग आणि दोन्ही हॅश जोडून पाठवले, दोन दिवसांत उत्तर आलं की पुढच्या बिल्डमध्ये रीड एरर इग्नोर करायचं ते टिक आधीपासून नसेल आणि एरर आला तर टिकमार्क पिवळी दिसेल. बघू. तोवर बीटा माझ्याकडे जुन्या लॅपटॉपवर पडून आहे.

मुंजीचं म्हणाल तर ती शेवटी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू नावाच्या, खराब डिस्कमधून डेटा काढणाऱ्या प्रोग्रामने काढली. त्यात मॅप फाइल असते, कुठले सेक्टर वाचले आणि कुठले राहिले त्याची नोंद, त्यामुळे आधी आतल्या रायटरने जेवढं जमेल तेवढं वाचलं, मग तीच मॅप फाइल देऊन यूएसबीवाल्याला फक्त राहिलेल्या जागा वाचायला लावल्या. रात्रभर चालू होतं. सकाळी ४८ सेक्टर उरले होते, म्हणजे बरोबर तीन ब्लॉक, कारण डीव्हीडीत एरर करेक्शन १६ सेक्टरच्या गठ्ठ्याने होतं, गेला तर अख्खा गठ्ठा जातो. चित्र अर्धा सेकंद अडखळतं, पण मामा आले, ताट दिसलं, भिक्षा पडली.

मावशीने तो भाग तीनदा मागे घेऊन बघितला. मग पिशवीत डोकावत म्हणाली, "एवढं सगळं येतंय तर तुझ्या त्या नवीन व्हर्जनमध्ये भाग १ सापडतो का बघ ना."